तो ११.१ मिलिमीटरचा बोल्ट

वाचकाचा प्रश्न थोडक्यात: १९६०च्या दशकातली एक ब्रिटिश मोटार हे वाचक गेली चार वर्षं स्वतःच्या गॅरेजात पुन्हा उभी करत आहेत. गाडी हाती आली तेव्हा निम्मी खोललेली होती. नट, बोल्ट, वॉशर, क्लिपा असं सगळं तीन डब्यांत एकत्र कोंबलेलं, आणि त्यातलंही बरंच गहाळ. शोधाशोधीला कंटाळून त्यांनी छोटा लेथ (धातू फिरवत कापायचं यंत्र) घेतला आणि जे मिळेना ते स्वतः बनवायला लागले. ग्लव्ह बॉक्सची मूठ, दाराच्या हँडलामागचे पितळी वॉशर, वायरिंग धरणाऱ्या पट्ट्या झकास जमल्या. दाराच्या आतल्या पॅनेलच्या स्प्रिंग क्लिपाही त्यांनी बनवल्या, ॲसिडमध्ये साफ केल्या, घरीच झिंकचा मुलामा देऊन बसवल्या. आठांतल्या तीन दुसऱ्या दिवशी हात न लावता तुटलेल्या सापडल्या. मग आले पुढच्या सीटबेल्टांचे दोन बोल्ट. माप ११.१ मिलिमीटर. ‘असा बोल्टच नसतो’ असं सगळीकडून ऐकल्यावर त्यांनी स्टेनलेसच्या रॉडमधून, लेथवर १.२५ मिलिमीटरचा आटा लावून, ते स्वतः काढले. ‘शेवटी जरा कडक गेले, पण बसले. आरशासारखे चमकतात.’ ते पाहून जुना मित्र म्हणाला, ‘या गाडीत मी बसणार नाही.’ वाचक दुखावले आहेत. पुढे सस्पेन्शनचे बोल्टही बनवायचा बेत आहे. गाडीतला प्रत्येक तुकडा आपल्या हातचा असावा अशी इच्छा आहे. ते विचारतात, मित्र अति करतोय की मी?

प्रिय वाचक,

मित्र बोलला ते तोडून बोलला, हे मान्य. पण त्या दोन बोल्टांबाबत त्याचं खरं आहे, आणि पुरावा तुमच्याच पत्रात आहे. ‘शेवटी जरा कडक गेले’ या शब्दांखाली मी पेन्सिलीने रेघ मारून ठेवली आहे.

आधी त्या ‘नसलेल्या’ बोल्टाचं बघू. ११.१ मिलिमीटर म्हणजे इंचाचा ७/१६ भाग, काटेकोर सांगायचं तर ११.११. एका इंचात २० आटे. याचं नाव ७/१६ यूएनएफ, म्हणजे ‘युनिफाइड’ या इंची पद्धतीतले बारीक आटे. हा काही दुर्मीळ प्राणी नाही. सीटबेल्टच्या बोल्टाचं हे जगभर रुळलेलं माप आहे. बाकीचे सगळे बोल्ट मेट्रिक असलेल्या कितीतरी आधुनिक गाड्यांतही सीटबेल्टच्या जागी हेच जुनं इंची माप टिकून आहे. तुम्ही रोज वापरता त्या गाडीतही कदाचित तो असेल. तुम्ही विचारलंत ‘अकरा मिलिमीटरचा बोल्ट आहे का?’ असं, आणि त्या नावाचा बोल्ट खरोखरच कुणाकडे नसतो. लोकांनी खोटं सांगितलं नाही. प्रश्नच चुकीच्या भाषेत होता.

आता तो कडकपणा. एका इंचात २० आटे म्हणजे दोन आट्यांतलं अंतर १.२७ मिलिमीटर. तुम्ही लावलंत १.२५. फरक ०.०२ चा, म्हणजे केसाहूनही बारीक. पण तो दर आट्याला साचत जातो आणि दहाव्या आट्यापाशी ०.२ मिलिमीटर होतो. म्हणून पहिले तीन-चार फेरे बोटांनी गेले आणि पुढे पाना लागला. मला शंका आहे की, तो जावा म्हणून तुम्ही बोल्टाचे आटे अजून थोडे, अजून थोडे असे उतरवत गेलात. सगळेच तसं करतात. मीही एकदा कार्ब्युरेटरच्या एका स्क्रूपायी असाच हट्ट केला आणि चांगल्या धडधाकट ॲल्युमिनियमचे आटे खाऊन बसलो. असा बोल्ट आत गेल्यावर घट्ट वाटतो खरा, पण भार उचलतात फक्त दोन-तीन आटे. बाकीचे नुसते हजेरी लावतात.

तेव्हा ते बोल्ट आजच काढा. आता खरी काळजी बोल्टांची नाहीच, गाडीच्या अंगाला वेल्ड केलेल्या नटाची आहे. योग्य मापाचा नवा बोल्ट आणा आणि तो नुसत्या बोटांनी शेवटपर्यंत जातो का पाहा. अडत असेल तर ७/१६ यूएनएफचा टॅप (भोकाच्या आत आटे पाडायचं हत्यार) तेल लावून हाताने, अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे असा सावकाश फिरवा. त्यानंतर बोल्ट सहज जातो पण आत खुळखुळतो, असं झालं तर नट गेला. मग तो नट त्याच्या मागच्या जाड पत्र्यासकट बदलून घ्यायचा, आणि ते वेल्डिंग रोज हेच काम करणाऱ्या माणसाकडून करून घ्यायचं. टॅप हातात आहेच तर आजूबाजूच्या पत्र्यावर स्क्रूड्रायव्हरचं टोक ठोकून पाहा. गंजाने पापुद्रा झालेल्या पत्र्यात जगातला सर्वोत्तम बोल्ट लावला तरी तो पत्र्यासकट हातात येईल.

आणखी एक, तुम्ही लिहिलेलं नाही म्हणून विचारतो. मूळ बोल्टाला डोक्याखाली आटे नसलेला गुळगुळीत खांदा होता का? सीटबेल्टच्या बऱ्याच बोल्टांना तो असतो, सोबत एक लाटेसारखा वाकडा वॉशरही. बेल्टची पट्टी त्या खांद्याभोवती फिरायला मोकळी राहावी, हा त्याचा उद्देश. साधा बोल्ट आवळला की पट्टी जागच्या जागी चिमटली जाते आणि बेल्ट पिळात राहतो. नवा बोल्ट घेताना हे पाहून घ्या. बेल्ट स्वतः जुन्या काळचे असतील, तर तेही बदला. इतकी वर्षं ऊन खाल्लेल्या विणीवर माझा विश्वास नाही.

स्टेनलेसविषयी. ते चमकतं, गंजत नाही, म्हणून ते जास्त भक्कम, हा समज इतका पसरला आहे की तो तुमच्या एकट्याच्या माथी मारणार नाही. आकडे पाहा. बोल्टाच्या डोक्यावर ८.८ कोरलेलं असतं, त्याचा अर्थ तो तुटायला दर चौरस मिलिमीटरला ८०० न्यूटन लागतात आणि त्याच्या ८० टक्के, म्हणजे ६४० पर्यंत ताणला तरी तो पुन्हा मूळ लांबीवर येतो. १०.९ म्हणजे १००० आणि ९००. स्टेनलेसचा नेहमीचा ए२-७० बोल्ट ७०० ला तुटतो आणि ४५० लाच कायमचा ताणायला लागतो. तेवढी ताकदही त्याला थंड अवस्थेत दाबून घडवल्यामुळे येते. तुमचा रॉड मऊ केलेला असेल, तर २०० च्या आसपासच हार मानेल. इंची बोल्टांवर आकड्यांऐवजी रेघा असतात: डोक्यावर तीन रेघा म्हणजे ग्रेड ५, साधारण ८.८ च्या तोडीचा. सहा रेघा म्हणजे ग्रेड ८, साधारण १०.९. डोकं कोरं असेल तर त्याच्या ताकदीविषयी तुमच्या हातात काहीच नाही, आणि तुमच्या दोन्ही बोल्टांची डोकी आरशासारखी कोरी आहेत.

‘कायमचा ताणायला लागतो’ हे का महत्त्वाचं? बोल्ट म्हणजे दोन वस्तूंना भोकातून ओवणारा खिळा, असं आपण समजतो. खरं तर तो एक अतिशय कडक स्प्रिंग आहे. आवळताना तो किंचित लांबतो, आखडू पाहतो, आणि त्या आखडण्याच्या जोरावर दोन्ही पृष्ठभाग एकमेकांवर दाबून धरतो. सस्पेन्शनमध्ये बहुतेक जोड त्या दाबामुळेच टिकतात. मऊ धातूचा बोल्ट आवळला की तो लांबतो आणि तसाच राहतो. दाब गेला, जोड हलायला लागला, आणि मग प्रत्येक खड्ड्याला बोल्टाला आलटूनपालटून दोन्हीकडून मार बसतो.

त्या माराला कारखान्याचा बोल्ट का पुरतो आणि तुमचा का पुरणार नाही, याचं कारण तुमचा हात कमी पडतो हे नाही. कारखान्यात आटे कापत नाहीत, दोन साच्यांमध्ये बोल्ट लाटून उठवतात. धातूचे तंतू तुटत नाहीत, आट्याच्या वळणाबरोबर वळतात, आणि खाचेचा तळ गोलसर व दाबलेला राहतो. लेथवरचं टूल तेच तंतू आडवे कापतं आणि तळाशी एक टोकदार कोपरा सोडतं. थकव्याची भेग नेमकी अशा कोपऱ्यातून निघते: आट्याच्या तळातून, किंवा डोकं आणि दांडा जिथे काटकोनात भेटतात तिथून. ती पहिल्या दिवशी दिसत नाही. हजारो धक्के खाऊन रोज जराशी पुढे सरकते आणि मग एका साध्याशा वळणावर बोल्ट दोन तुकडे होतो. म्हणून ‘बसवला, चालवून पाहिली, काही झालं नाही’ ही परीक्षा इथे लागू पडत नाही.

तेव्हा सस्पेन्शन, स्टीअरिंग, ब्रेक, चाकं, सीट आणि सीटबेल्ट या ठिकाणी घरचा बोल्ट लावू नका. स्टीअरिंगचे बॉल जॉइंट, ब्रेकच्या नळ्यांची टोकं हेही त्यातच आलं. मी स्वतःला एकच प्रश्न विचारतो: हा तुकडा धावत्या गाडीत तुटला तर काय होईल? ‘पॅनेल लटकेल’, ‘खडखडेल’, ‘पाऊस आत येईल’ असं उत्तर आलं तर खुशाल लेथ सुरू करा. उत्तर देताना क्षणभर जरी अडखळलात तर विकत घ्या.

आता तुमच्या मूळ इच्छेकडे येतो, कारण माझ्या मते गाठ तिथे आहे. प्रत्येक तुकडा माझ्या हातचा असावा. का बरं? ही गाडी ज्यांनी पहिल्यांदा बांधली त्यांनीही बोल्ट बनवले नव्हते. मोटार कारखाने बोल्ट, बेअरिंग, बल्ब, टायर त्या-त्या कामात मुरलेल्या कारखान्यांकडून आणतात, तेव्हाही आणत. कुठला बोल्ट कुठे, किती ताकदीचा, किती आवळायचा, हे ठरवणं त्यांचं कौशल्य होतं. तेच तुम्हालाही करता येईल, आणि ते लेथवर उभं राहण्यापेक्षा सोपं नाही.

सुरुवात त्या तीन डब्यांपासून करा. व्हर्नियर कॅलिपर आणि इंची व मेट्रिक अशा दोन्ही पात्यांचा पिच गेज, म्हणजे आट्यांतलं अंतर तपासायचं साधन, घ्या. पिच गेज नव्हता म्हणूनच १.२७ चं १.२५ झालं. प्रत्येक बोल्टाची जाडी आणि आटे मोजून चिठ्ठ्या लावा. तुमच्या गाडीच्या काळात ब्रिटिश गाड्यांवर बहुतेक यूएनएफ असतं, पण सगळीकडे असेलच असं नाही. जोसेफ व्हिटवर्थने १८४१ मध्ये ५५ अंशांच्या कोनाचे आटे सुचवले आणि ब्रिटनमध्ये तेच चाललं. १९४८ मध्ये अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडा यांनी ६० अंशांच्या युनिफाइड आट्यांवर सह्या केल्या, आणि मग गाड्या हळूहळू तिकडे वळल्या. हळूहळू म्हणजे किती हळू, ते डब्यात कळतं. पाव इंची बीएसएफला, म्हणजे जुन्या ब्रिटिश बारीक आट्यांना, इंचात २६ आटे, पाव इंची यूएनएफला २८. नट दोन फेरे आनंदाने जातो आणि मग अडतो. पाव इंची व्हिटवर्थ आणि यूएनसी (युनिफाइडचे जाड आटे) तर आणखी फसवे: दोघांनाही २० आटे, नट सरसर जातो, पण कोन वेगळे असल्याने आटे एकमेकांना नीट टेकतच नाहीत. सगळ्यांवर कडी केली ती मॉरिस या ब्रिटिश मोटार कंपनीच्या इंजिन कारखान्याने. त्याचं मूळ हॉचकिस या फ्रेंच कंपनीचं, म्हणून आटे मेट्रिक. पण मेकॅनिकांकडे पाने ब्रिटिश, म्हणून डोकी व्हिटवर्थच्या मापाची. एमजीच्या टी मालिकेतलं एक्सपीएजी इंजिन खोलणारे आजही त्या माणसांच्या नावाने बोटं मोडतात.

अशी मोजणी झाली की लक्षात येईल, ‘मिळत नाही’ म्हणून बाजूला ठेवलेल्यातला मोठा वाटा मिळतो. गाडीच्या नावाने मिळत नाही, मापाच्या नावाने मिळतो. उरेल ते खरोखर दुर्मीळ, आणि तिथे तुमचा लेथ हवाच आहे.

आता क्लिपा. या प्रकरणाचं उत्तर मला ठाऊक आहे याचा मला उगाच आनंद झाला. त्या हायड्रोजनने तोडल्या. ॲसिडमध्ये बुडवलं की लोखंडावर हायड्रोजन सुटतो, मुलामा देतानाही सुटतो, आणि त्यातला काही कडक पोलादाच्या आत शिरतो. मऊ लोखंडाला त्याचं फारसं काही वाटत नाही. पण स्प्रिंगसारखं कडक पोलाद ताणाखाली असलं की काही तासांनी, कधी काही दिवसांनी, आतून भेग पडून ते आपोआप तुटतं. उरलेल्या पाच क्लिपाही बदला, त्यांचंही आतून काय झालं असेल सांगता येत नाही. नव्या क्लिपांना ॲसिड दाखवूच नका. तारेच्या ब्रशने आणि पॉलिश पेपरने साफ करून मेणाचा किंवा रंगाचा पातळ थर द्या. मुलामाच हवा असेल तर तो दिल्यावर चार तासांच्या आत भट्टीत साधारण २०० अंश सेल्सिअसवर पुढचे आठ-दहा तास ठेवावं लागतं, म्हणजे हायड्रोजन निघून जातो. १०.९ आणि त्याहून कडक बोल्टांना घरी मुलामा देऊ नका, हेही त्याच कारणाने.

क्लिप घडवण्याची रीत तुम्ही लिहिलेली नाही. मी मऊ अवस्थेतली स्प्रिंग स्टीलची पट्टी घेतो, आकार आधी देतो, मग लालभडक तापवून तेलात पाणी देतो, म्हणजे बुडवून एकदम थंड करतो. (पाणी द्यायचं तेलात, ही आपल्या भाषेची गंमत.) किती लाल, हे डोळ्याला कळत नसेल तर लोहचुंबक जवळ धरा, साधारण ७७० अंशांना पोलाद चुंबकाला चिकटणं सोडतं, त्याच्या जरा वर गेलं की झालं. तेलातून काढलेली क्लिप काचेसारखी ठिसूळ असते. ती घासून उजळ करायची आणि मंद आचेवर निळा रंग चढेपर्यंत, म्हणजे ३०० अंशांच्या आसपास, पुन्हा तापवायची. पिवळा जातो, जांभळा येतो, मग निळा. निळा आला की थांबा. पहिल्या चार-पाच वाया जातील. तेलाच्या भांड्याला घट्ट बसणारं पत्र्याचं झाकण शेजारी असू द्या, कारण तेल कधीतरी पेटतंच.

आणि डब्यातल्या जुन्या मुलाम्याच्या बोल्टांवर कधीच ज्योत धरू नका. त्या काळात कॅडमियमचा मुलामा सर्रास वापरत. त्याचा धूर आणि घासताना उडणारी धूळ दोन्ही विषारी. झिंकच्या धुरानेही रात्री थंडी वाजून ताप भरतो.

हाताला अजून काम हवं असेल तर पुष्कळ आहे. एक्झॉस्ट मॅनिफोल्डचे पितळी नट करा. पोलादी स्टडवर पोलादी नट तापून जखडतो, पितळी सुटतो. खिडकीच्या यंत्रणेतले बुश, बॉनेटच्या आधारदांड्याची पकड, क्रोमच्या पट्टीमागचे स्टड, हे सगळं करा. फक्त ॲल्युमिनियमच्या पट्टीत स्टेनलेसचा स्क्रू कोरडा लावू नका; ओल लागली की ॲल्युमिनियम पांढरी भुकटी होऊन गळतं. डॅशबोर्डची बटणं थ्री-डी प्रिंटरवर काढणार असाल तर पीएलए हे प्लास्टिक नको. ते ६० अंशांना मऊ पडतं आणि उन्हात बंद उभ्या गाडीचा डॅशबोर्ड तिथवर सहज पोचतो. एएसए प्लास्टिक घ्या. एखाद्या ओतीव भागाचे आटे गेले असतील तर जाडा बोल्ट बनवण्याच्या फंदात न पडता तारेचं इन्सर्ट (भोकात बसवायची, आट्यांचं काम करणारी तारेची गुंडाळी) बसवा, मूळ मापाचाच बोल्ट लागेल.

मित्राचंही एक चुकलं. ‘घरचं म्हणजे कच्चं’ असा त्याचा सूर दिसतो. जुन्या गाड्यांसाठी नव्याने बनवलेले तयार भाग मी पाहिलेत. भोकं जुळत नाहीत, पत्रा पातळ, क्रोम वर्षभरात फुगतो. तुमची ग्लव्ह बॉक्सची मूठ त्यांच्यापेक्षा नक्कीच सरस असेल, आणि तसं त्याला ठणकावून सांगा. पण ते त्याला नवे सीटबेल्ट बोल्ट दाखवल्यानंतर सांगा. टॉर्क पाना (किती जोराने आवळलं ते दाखवणारा पाना) त्याच्याच हातात द्या आणि गाडीच्या पुस्तिकेतला आकडा तुम्ही वाचा.

राहिले ते दोन चमकदार बोल्ट. ११.११ जाडी आणि १.२५ आटा असा नट जगात कुठे नाही, पण तुमच्यासारखाच जोर लावून तो कुणी दुसरीकडे बसवू शकेल. म्हणून आटे कापून टाका. डोकी मात्र ठेवा. मागून भोक पाडून आत एम५ चे, म्हणजे पाच मिलिमीटर मेट्रिक मापाचे, आटे पाडलेत तर पुढच्या दोन्ही खिडक्यांच्या हँडलांना मुठी होतील.